दिवाळीनंतरचं सोनेरी शिवार फोटोत मातकट का येतं?

फराळाचे डबे तळाला लागले की ही तक्रार दरवर्षी न चुकता ऐकू येते. येळ्ळूरच्या राजहंसगडावरून खाली बघताना भाताची शेतं सोनेरी दिसत होती, जांबोटीच्या वाटेवर वाळलं गवत तांबूस पेटलं होतं, आणि घरी येऊन फोटो उघडला तर सगळं मातकट. तिच्या पाठोपाठ दुसरी: ‘यंदा जायला उशीर झाला, रंगच संपले होते.’ मग कोणी नवा फोन घेतो, कोणी फिल्टर मारतो, आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा तेच रडगाणं.

कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आपल्या बेळगाव-खानापूर भागात नोव्हेंबरचा रंग झाडावर शोधायचा नसतो, तो खाली जमिनीवर असतो. आणि तो उन्हाकडे तोंड केल्याशिवाय नीट दिसत नाही. एवढं धरून चाललं की निम्म्या तक्रारी मिटतात. उरलेल्या निम्म्या कॅमेऱ्याच्या ‘ऑटो’ने केलेल्या असतात. एकेक तक्रार घेऊन बघू.

तक्रार: रंग सापडतच नाहीत

मोबाइलवर काश्मीरचे चिनार बघायचे आणि तसंच काहीतरी चोर्ल्याच्या घाटात शोधायचं, गाडी तिथेच घसरते. चिनार ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लाल होतो, कारण तिथे दिवस लहान होतो आणि रात्री कडक गार पडतात. आपल्याकडची झाडं पान टाकतात ती मुख्यतः जमिनीतली ओल उतरते म्हणून. परतीचा पाऊस जाऊन धड महिना झालेला नसतो, तेव्हा ओल कुठली उतरायला? त्यामुळे दिवाळीत जंगल हिरवंच असतं. पुढेही सगळी झाडं एकदम रंगत नाहीत. माळावरचं, कातळावरचं झाड आधी वाळतं, ओढ्याकाठचं त्याच जातीचं झाड महिनाभर मागे राहतं.

रंगाचं गणित असं की पानातलं हरितद्रव्य मोडायला लागलं की खाली आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. पिवळा म्हणूनच सगळीकडे मिळतो. लाल मात्र पान गळायच्या आधी नव्याने तयार होतो, आणि त्याला पानात अडकलेली साखर, स्वच्छ ऊन आणि गार रात्र लागते. आपल्या हवेत तो मोजक्याच झाडांना साधतो.

आता पट्ट्यापट्ट्याने. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूला, जंगल बरंचसं सदाहरित आणि निमसदाहरित. ते रंग बदलेल म्हणून वाट बघू नका. तिथे बदलतं ते पठारावरचं गवत. सोनकीचा पिवळा बहर दसऱ्याच्या आसपास ओसरतो, मग गवताचे शेंडे तांबूस होतात आणि डिसेंबरपर्यंत सगळं पठार फिकट पेंढ्याच्या रंगावर येतं. तांबूस ते फिकट यांच्यामधला काळ थोडा असतो, आणि खरी मजा त्यातच आहे.

बेळगावच्या आजूबाजूला, येळ्ळूर, वडगाव, शहापूर, हलगा या शिवारांत, भात. इथली चूक म्हणजे सगळं पिवळं होईपर्यंत थांबणं. सगळ्या जातींचं भात एकाच वेळी पिकत नाही, त्यामुळे सुगी सुरू होता होता एकाच शिवारात पोपटी, पिवळं, गडद सोनेरी आणि कापून मोकळं झालेलं रान असे तुकडे शेजारी शेजारी दिसतात. गडावरून काढायचा फोटो तेव्हाचा. पंधरवड्याने तिथे धसकटं आणि गवताच्या गंज्या उरतात, आणि जिरलेल्या ओलीवर मसूर-वाटाणा पेरला की पुन्हा हिरवं. ‘उशीर झाला’ म्हणणारे बहुधा भाताला उशिरा पोचलेले असतात.

उत्तरेकडे आणि ईशान्येकडे, चिकोडी, रायबाग, गोकाकच्या बाजूला, ऊस. नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरे येतात, आणि सकाळच्या उन्हात ते रुपेरी-गुलाबी दिसतात. मालकासमोर मात्र ‘काय सुंदर तुरे आलेत’ म्हणू नका. तुरा आला की उसाची वाढ थांबते, पुढे वजन आणि साखर दोन्ही घटतं, आणि कारखान्याची तोड अजून लागलेली नसेल तर तो आधीच वैतागलेला असतो.

झाडांची पाळी त्यानंतर. लोंढा-नागरगाळीच्या बाजूचा साग डिसेंबरअखेरीपासून पिवळा-तपकिरी पडायला लागतो. इथे एक फसगत होते: ऑक्टोबरातच सागाचं रान करपल्यासारखं तपकिरी दिसतं आणि लोक म्हणतात, पानगळ लवकर आली. पान हातात घेऊन उन्हासमोर धरा. शिरा जशाच्या तशा, आणि शिरांमधला सगळा हिरवा भाग खाल्लेला, नुसती जाळी राहिलेली असेल, तर ते एका पतंगाच्या अळीचं काम आहे. दुरून त्या रानाचा फोटो मळकटच येणार, कितीही सेटिंग बदला. तेच एक पान जवळून, मागून ऊन घेऊन काढलं तर सबंध मोसमातला सगळ्यात चांगला फोटो होऊ शकतो. मधल्या शिरेजवळ थोडा हिरवा टिकलेला, कडेला गंजाचा रंग, आणि जाळीच्या भोकांतून पलीकडचा उजेड.

कुंभ्याची मोठी पानं थंडीत लाल होऊन गळतात, ती जानेवारीच्या पुढे बघावी. आणि भडक लाल पान हवंच असेल तर जंगलात जायचीही गरज नाही. शाळेच्या आवारात, जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडात देशी बदाम असतो. थंडीत त्याचं एकेक पान हिरव्यावरून पिवळं, नारिंगी आणि शेवटी गडद लाल होतं, आणि हे सगळे रंग एकाच फांदीवर एकाच वेळी मिळतात. टिळकवाडीतल्या एखाद्या गल्लीत सकाळी उभं राहून जे मिळेल ते चोर्ल्यात दिवसभर फिरून मिळणार नाही. तरी बदामाकडे कोणी कॅमेरा वळवत नाही, हे मला कधीच समजलेलं नाही.

मार्चमध्ये जंगलात कुसुम लालभडक दिसतो, पिंपळ तांबूस दिसतो. ती पालवी, पानगळीशी तिचा संबंध नाही. फोटो जरूर काढा, फक्त खाली ‘पानगळ’ लिहू नका.

तक्रार: डोळ्याला सोनेरी, फोटोत राखाडी

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिला संशयित ऑटो व्हाइट बॅलन्स. त्याला शिकवलेलंच असं की चित्रात एखाद्या रंगाची झाक जास्त दिसली तर ती उजेडाची चूक समजायची आणि काढून टाकायची. ट्यूबलाइटखाली ते बरोबर आहे. पण सकाळचं तिरपं ऊन, पिवळं भात, तांबूस गवत, लाल माती, सगळंच उबदार. कॅमेरा म्हणतो, केवढा पिवळेपणा हा, आणि त्यावर निळा ओततो. जुना स्टुडिओवाला जसा येईल त्या गिऱ्हाइकाला गोरं करून द्यायचा, तसा हा येईल त्या उजेडाला पांढरा करून देतो.

उपाय सोपा. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), आणि हात लावू नका. सावलीत किंवा ढगाळ हवेत ‘क्लाउडी’, ६००० ते ६५००. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर त्यात हाच आकडा हाताने देता येतो. नसेल तर व्हाइट बॅलन्स पक्का करू देणारं वेगळं कॅमेरा ॲप घ्या. कॅमेरा रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, देत असेल तर व्हाइट बॅलन्स नंतरही बिनधोक बदलता येतो, पण तरीही शेतात असतानाच डेलाइट ठेवावं. स्क्रीनवर राखाडी दिसलं की माणूस नाउमेद होतो आणि चांगला उजेड असताना कॅमेरा बॅगेत टाकून घरी जातो.

फोनवाल्यांनी आणखी एक बघायचं. ‘सीन ऑप्टिमायझर’, ‘एआय कॅमेरा’ असं काही चालू असेल तर बंद करा. काही फोन शेत किंवा झाड ओळखून हिरवा वाढवतात, आणि वाळलं गवत अचानक पोपटी दिसायला लागतं. तो रंग नंतर सहजासहजी निघत नाही.

दुसरा संशयित मीटर. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी समजून उजेड ठरवतं. वाळलं गवत, पिकलं भात आणि भाताची धसकटं ऊन पडल्यावर मध्यम राखाडीपेक्षा उजळ असतात. मीटर त्यांना खाली ओढतं आणि सोनेरी रान काळवंडतं. म्हणून फ्रेम भरून गवत असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय, +०.३ ते +०.७ द्या. फोनवर गवतावर बोट टेकवून धरा, फोकस आणि उजेड लॉक झाला की सूर्याची खूण किंचित वर सरकवा.

आता नेमका उलटा प्रसंग. दाट झाडीत एकच पान उन्हात चमकतंय आणि मागे सगळा काळोख. इथे मीटर काळोख बघून उजेड वाढवतं आणि बिचारं पान पांढरं जळून जातं. तिथे −०.७ ते −१. कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणं) असेल तर थेट पानावर धरा. ‘मित्राने सांगितलं प्लस करायचं’ म्हणून सगळीकडे प्लस करणारे इथे अडकतात. आधी बघा, फ्रेममध्ये उजळ जास्त आहे की काळोख.

तक्रार: सेटिंग सगळं बरोबर, तरी फोटो सपाट

मग तुम्ही उन्हाकडे पाठ करून उभे आहात. शाळेत असताना कुणीतरी सांगितलेलं असतं, सूर्य आपल्या पाठीमागे हवा. माणसांच्या गट-फोटोला ते ठीक. गवताला आणि पानाला नाही. पुढून ऊन पडलं की पानावरचा चकाकणारा पांढुरका थर दिसतो. मागून पडलं की उजेड पानातून गाळून येतो आणि आतला रंग पेटतो. गवताच्या कुसळांनाही तेच लागू. समोरून धुळकट दिसणारा माळ फिरून उलट बाजूने पाहिला की प्रत्येक काडीला कड येते.

थेट सूर्याकडे लेन्स रोखू नका, त्याने सगळा फोटो धुरकट होतो. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर, डावी-उजवीकडे ठेवा. लेन्सवर हूड, म्हणजे काचेवर सावली धरणारी पुढची कडी, लावा, नसेल तर हाताची सावली करा. एखाद्या झाडाच्या खोडाआड सूर्य लपवला तर सगळ्यात उत्तम.

वेळेचं गणितही इथेच. नोव्हेंबरच्या मध्याला बेळगावात साधारण ६.३५ ला उजाडतं आणि सहाच्या सुमाराला मावळतं. डिसेंबरअखेर सूर्योदय ६.५५ च्या पुढे जातो, जानेवारीच्या मध्याला सातही वाजून जातात. म्हणजे थंडी जसजशी वाढते तसतसं उठायला उशीर झाला तरी चालतं. मात्र ‘गोल्डन अवर’ या नावावर विसंबू नका. आपल्या अक्षांशावर सूर्य भरभर वर चढतो; खरा तिरपा, उबदार उजेड अर्धा-पाऊण तास टिकतो. सूर्य उगवल्यावर गाडी काढणाऱ्याला तो वाटेतच संपतो. उजाडायच्या आधी जागेवर पोचा, आणि पूर्व कुठली, आपण कुठे उभं राहायचं, हे आदल्या दिवशीच ठरवा.

दिलासा एवढा की डिसेंबरात भर दुपारीही सूर्य पन्नास अंशांच्या आसपासच असतो, उन्हाळ्यासारखा डोक्यावर येत नाही. त्यामुळे झाडाखाली उभं राहून वरच्या पानांकडे लेन्स केली तर दुपारी अकरा-बाराला देखील मागून येणारं ऊन मिळतं. बदाम आणि साग यांचे फोटो मी बऱ्याचदा त्याच वेळी काढतो. पानांच्या आड निळं आकाश येईल अशी जागा धरायची, पांढरं नको.

तक्रार: लाल पान नुसता डाग दिसतं

शिरा नाहीत, पोत नाही, लाल रंगाचा सपाट ठिपका. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे उजेड मोजतो. लाल पानात एकटी लाल वाहिनी भरून वाहून जाते, पण साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या काळोखापासून उजेडापर्यंतचा आलेख) तिघांची सरासरी दाखवतो म्हणून सगळं आलबेल वाटतं. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लालची रेष उजव्या भिंतीला टेकली की एक्सपोजर थोडं कमी करा. नंतर एडिटिंगमध्ये सगळेच रंग सरसकट गडद करणारं ‘सॅच्युरेशन’ ढकलू नका. तेच पुन्हा होतं. ‘व्हायब्रन्स’ थोडं, आणि लाल-नारिंगीची उजळी थोडी खाली.

तक्रार: आकाश पांढरं, डोंगर गायब

थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, आणि धूळ, धुकं, धूर सगळं तिच्यातच कोंडलं जातं. गुऱ्हाळं सुरू झालेली, उसाचा पाला पेटवलेला, त्यात भर. चोर्ल्याच्या दरीचा फोटो म्हणूनच दुधाळ येतो. लांबच्या लेन्सने हा धुरळा आणखी दाट दिसतो, कारण मधली हवा जास्त असते.

माझा पहिला सल्ला: आकाश फ्रेममधून काढून टाका. रंग खाली आहे, वर काही नाही. क्षितिज अगदी वरच्या काठाला किंवा त्याच्याही बाहेर. दुसरा: दरीचा मोह सोडून जवळचं काहीतरी घ्या, एक बांध, एक गंजी, एक झाड, आणि धुरकट डोंगर मागे निळसर राहू द्या. पिवळ्यामागे तो निळा शोभतोच.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, असेल तर तो याच मोसमात कामाला येतो. सूर्य तुमच्या उजव्या किंवा डाव्या खांद्याकडे असताना त्याचा परिणाम सर्वांत जास्त. फिल्टर हळूहळू फिरवत स्क्रीनवर बघा. पण लोक विसरतात ते दुसरं काम: दव पडलेल्या किंवा चकचकीत पानांवरची पांढरी झळाळी तो उतरवतो, आणि ढगाळ हवेतही उतरवतो. उजेड एक ते दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढं धरून चाला. फार रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकट असं डागाळतं, तिथे तो काढून ठेवा. फोनवाल्यांनी पोलरॉइड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवून बघावी. गंमत नाही, चालतं.

एडिटिंगमधली धुरकटपणा काढणारी ‘डीहेझ’ची पट्टी पंधरा-वीसच्या पुढे नेलीत की डोंगर जांभळट होतात. सगळ्यांना लगेच कळतं, काढणाऱ्याला सोडून.

तक्रार: पहाटेचे फोटो सगळेच धुरकट, दुपारचे स्वच्छ

धुकं बाहेर नाही, लेन्सवर आहे. मलप्रभेच्या किंवा मार्कंडेयच्या काठाला पहाटे उघड्यावर ट्रायपॉड लावून ठेवला की गवतावर पडतं तसं दव काचेवरही पडतं. हूड लावून ठेवा, फोटो काढत नसाल तेव्हा टोपण घाला, आणि दर थोड्या वेळाने काच तिरप्या उजेडात बघा.

दुसरा प्रकार उलटा. कॅमेरा तास-दोन तास थंडीत फिरून गार झालेला, आणि तुम्ही तो गळ्यात तसाच घेऊन चहाच्या टपरीत शिरता. चुलीवर आधण, आत वाफ. गार काचेवर ती लगेच बसते. आत जायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत किंवा बॅगेत बंद करा आणि वीसेक मिनिटं तसाच ठेवा; ओल पिशवीवर बसेल, काचेवर नाही. बसलीच तर पुसत बसू नका, आपोआप जाऊ द्या. लेन्सच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल तर मात्र ती जाईपर्यंत लेन्स बदलू नका, आणि घरी सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

पुसायचं कापडही तपासा. कुसळीच्या माळात फिरून आलात की पायमोज्यांत, बाहीत आणि नेमकं त्याच मऊ कापडात कुसळं रुततात. एका कुसळाचं टोक सुईइतकं अणकुचीदार आणि बाकीचं अंग मळसूत्रासारखं पिळलेलं असतं. ओल लागली की पीळ उलगडतो आणि ते आणखी आत शिरतं. तसं कापड लेन्सवर फिरवलं तर लेप ओरखडलाच. कापड झाकणाच्या डबीत ठेवा.

बॅटरी लवकर उतरते म्हणून थंडीला दोष देणारेही भेटतात. आपल्या बारा-चौदा अंशांच्या थंडीने बॅटरीचं फार काही बिघडत नाही. स्क्रीन सतत चालू राहिली म्हणून ती उतरली.

तक्रार: पान हललं

सकाळी आठ-नऊनंतर वारा सुटतो. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. उरलेलं काम वारा पडेपर्यंत थांबण्याचं.

तक्रार: कॅमेऱ्यात झकास, पाठवल्यावर फिका

कॅमेऱ्यात कलर स्पेस, म्हणजे रंग साठवायची पद्धत, ‘अडोबी आरजीबी’ असेल तर तो ‘एसआरजीबी’ करा, किंवा फोटो बाहेर काढताना एसआरजीबी निवडा. पहिला प्रकार समजून न घेणाऱ्या ॲपमध्ये आणि फोनवर रंग मेलेले दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘एचडी’ निवडा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर गवताच्या बारीक काड्यांचा लगदा होतो. फोटो तपासताना फोनचा रात्रीचा पिवळा उजेड बंद आहे ना, हेही बघा. तो चालू ठेवून रंग ठरवले की दुसऱ्या दिवशी सगळं निळं दिसतं.

जागेच्या अडचणी

शेतात शिरायच्या आधी विचारा. नाही कोणी म्हणत नाही, फार तर ‘वाळल्या गवताचा कसला फोटो काढालास?’ एवढं ऐकावं लागतं. मात्र उभ्या भातात पाय घालू नका, बांधावरूनच काढा, आणि खळ्यावर काम चालू असेल तर माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. कॅम्प भागातली जुनी झाडं कितीही मोहात पाडोत, लष्करी आवाराच्या दिशेने कॅमेरा रोखू नका. सांबऱ्याला विमानतळ आहे, तिकडे ड्रोन घरी ठेवलेलाच बरा.

भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. डांबरी रस्ता सोडून आत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. रंग बघायला आत शिरण्याची गरजही नाही, जांबोटी ते कणकुंबी रस्त्याकडेलाच पुरेसं मिळतं. गाडी तापलेली असेल तर वाळल्या गवतात उभी करू नका, आणि विडी-सिगारेटचं सांगायला नको. डिसेंबरनंतर एका ठिणगीत अख्खा माळ जातो.

आणि पाचोळ्यात लोळून खालून फोटो काढणाऱ्यांसाठी खास. डिसेंबर ते मे हा गोचिडांचा, म्हणजेच गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचा काळ. आपल्या शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरी भागात हा ताप येऊन गेलेला आहे. जंगलकडेला पाचोळ्यावर थेट बसू-झोपू नका, खाली जाड प्लास्टिक घाला, पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली. घरी आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाका आणि अंगावर गोचीड नाही ना बघा. माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. जंगलात फिरून आल्यावर पुढच्या आठवडाभरात जोराचा ताप भरला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

एवढं करूनही जमत नसेल तर

एकाच जागेवर ही चाचणी करा. उजाडल्यानंतर वीस मिनिटांच्या आत, वाळल्या गवताचा एकच झुपका निवडा. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, बाकी सगळं ऑटो. झुपक्याभोवती फिरत चार बाजूंनी एकेक फोटो काढा: ऊन पाठीमागे, ऊन डावीकडे, ऊन समोर, ऊन उजवीकडे. मग तेच चार व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवून. आठही फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावा. ऊन समोर असलेला डेलाइटचा फोटो बाकी सातांपेक्षा चांगला असेल तर तुमचा कॅमेरा ठीक आहे, उभं राहायची जागा बदला. आठही सारखेच मातकट असतील तर लेन्सची काच उजेडासमोर धरा. बहुधा तिच्यावर बोटाचा तेलकट ठसा असतो, फोनच्या लेन्सवर तर हमखास. स्वच्छ पुसून तीच चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, आणि तरीही फरक पडला नाही तरच दुरुस्तीवाल्याकडे जा.